साठीपुढच्या ३०० जणांचा सहा वर्षं पाठपुरावा: काय मोजायचं आणि कसं?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या तीन गावांत साठी ओलांडलेल्या ३०० जणांची आत्ता एकदा आणि मग दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्यांत तपासणी करायची आहे. म्हातारपणी कोण किती काळ हिंडतं-फिरतं राहतं, कोणाचं कधी आणि कशापासून ढासळायला लागतं, एवढंच बघायचं आहे. पथक चार जणांचं आहे: दोन फिजिओथेरपीचे, एक समाजकार्याची पदवीधर, एक नर्स. पैसा बेताचा, त्यामुळे एमआरआय, जनुकं वगैरे काही नाही.

अडलंय ते इथे:
१. पकडीची ताकद, चालण्याचा वेग, रक्तदाब, स्मरणशक्ती एवढं पुरेल का? रक्त घ्यावं का?
२. लासीची (ज्येष्ठांच्या देशव्यापी पाहणीची) प्रश्नावली उचलावी की आपली करावी?
३. निम्म्या लोकांना स्वतःचं वय नक्की माहीत नाही.
४. सहा वर्षांनी हातात किती जण उरतील?

---

मोजपट्टी

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते सोपं आहे: लासीचीच घ्या. देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यास संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांबरोबर २०१७-१८ मध्ये पहिली फेरी केली, ४५ वर्षांवरचे (आणि त्यांचे जोडीदार) मिळून ७२,२५० लोक. प्रश्न अमेरिकेतल्या १९९२ च्या एचआरएस आणि इंग्लंडमधल्या २००२ च्या एल्सा या अभ्यासांशी जुळते ठेवलेले आहेत. मराठी भाषांतर तयार आहे. तुमच्या तीन गावांचे आकडे उद्या महाराष्ट्राच्या आकड्यांशेजारी ठेवायचे असतील तर प्रश्नाचा शब्दही बदलू नका. 'गेल्या ३० दिवसांत' ऐवजी 'हल्ली' लिहिलंत की तुलना संपली.

पहिल्याबद्दल: चाचण्या पुरेशा आहेत, जास्त घेऊ नका. तुम्हाला माणसाची अवस्था मोजायची नसून *बदल* मोजायचा आहे, आणि दोन वर्षांतला बदल फार बारीक असतो. हे आकड्यांतच बघा. चार मीटर अंतर ५.० सेकंदांत चाललं तर वेग ०.८० मी./सेकंद. दोन वर्षांनी तो ०.७५ झाला, तर वेळ ५.३३ सेकंद. म्हणजे तुम्ही शोधताय तो फरक आहे एक तृतीयांश सेकंद. स्टॉपवॉचचं बटण एका विद्यार्थ्याने पाऊल उचलताना दाबलं आणि दुसऱ्याने 'चला' म्हणताना दाबलं, तर तुमचा अख्खा निष्कर्ष त्या अंगठ्यात गेला.

म्हणून चालण्याच्या चाचणीचे नियम लिहून ठेवा आणि चारही फेऱ्यांत तेच पाळा:

जागा घराबाहेरची सपाट. सारवलेलं अंगण चालेल, ओली फरशी नाही. चार मीटरच्या दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी लावा. फक्कीने रेघ मारू नका, ती पहिल्या माणसाच्या पायानेच पुसली जाते. शेवटच्या रेघेपुढे किमान एक मीटर मोकळा सोडा, नाहीतर माणूस भिंत बघून आधीच मंदावतो. सुरुवात उभं राहून की धावपट्टी (पहिल्या रेघेआधी दोन-चार पावलांची जागा) देऊन, हे एकदाच ठरवा. उभं राहून सुरुवात केली की वेग कमीच येतो, त्यामुळे मधेच बदललंत तर खोटी सुधारणा दिसेल. पाऊल हललं की घड्याळ चालू, पहिलं पाऊल दुसऱ्या रेघेपार पूर्ण गेलं की बंद. सूचना ठरलेली: "दुकानात जाता तसं, नेहमीच्या चालीनं चाला." डॉक्टर बघतायत म्हटल्यावर आजोबा झपझप निघतात, हे होणारच, म्हणून दोनदा घ्या आणि दोन्ही वेळा लिहा. मोजणाऱ्याने बाजूने थोडं मागे चालायचं. पुढे चाललात तर तो तुमचा वेग पकडतो. काठी चालेल, पण 'काठीने' अशी नोंद हवी.

पकडीसाठी स्मेडली किंवा जमार, कुठलाही डायनामोमीटर (मुठीची ताकद मोजायचं यंत्र) घ्या, पण सहा वर्षं एकच. मूठ अशी लावा की बोटाचं दुसरं पेर काटकोनात येईल, आणि मुठीचा क्रमांक त्या माणसाच्या नावापुढे लिहा, पुढच्या वेळी तोच लावायचा. अंगठी काढायला लावा. दोन्ही हातांनी आलटून पालटून तीन-तीन वेळा, मधे अर्धा-एक मिनिट. "दाबा, दाबा, दाबा, सोडा", साधारण ३ ते ५ सेकंद. हाताची शस्त्रक्रिया गेल्या तीन महिन्यांत झाली असेल तर तो हात सोडा. स्प्रिंगचं यंत्र काळानुसार सैल पडतं. दर फेरीआधी १०, २० आणि ३० किलोची शिक्का असलेली वजनं टांगून तपासा आणि वाचन वहीत लिहा. हे केलं नाही तर यंत्र म्हातारं झालं की गाव, हे कळणार नाही.

एवढ्याशा यंत्रासाठी इतका खटाटोप का? १७ देशांतल्या १,३९,६९१ लोकांच्या प्युअर अभ्यासात (२०१५) पकड ५ किलोने कमी असलेल्यांत मृत्यूची जोखीम १६ टक्के जास्त आढळली. चालण्याचंही तसंच: नऊ अभ्यासांतल्या ३४,४८५ ज्येष्ठांत वेग दर ०.१ मी./सेकंदाने जास्त, तर जोखीम १२ टक्के कमी. स्वस्तात इतकं सांगणारी दुसरी मापं नाहीत.

एक कळकळीची विनंती: नोंदीत किलो आणि सेकंद लिहा, 'कमकुवत / ठीक' नाही. म्हातारपणी स्नायू झिजण्यावर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाचे २०१९ चे पकडीचे निकष (पुरुष २८ किलोखाली, स्त्रिया १८ किलोखाली) नंतर कधीही लावता येतात. 'कमकुवत' या शब्दातून किलो परत काढता येत नाहीत.

---

खुर्चीवाला

मोजपट्टींना एक पुस्ती. पाच वेळा खुर्चीतून उठण्याची चाचणी घेणार असाल तर खुर्ची सोबत न्या. घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या वाकतात आणि सारवलेल्या जमिनीवर मागे सरकतात. बिनहाताची, ४३ ते ४५ सेंमी उंचीची लाकडी किंवा लोखंडी खुर्ची, पाठ भिंतीला टेकवून. हात छातीवर घडी. आधी एकदा न मोजता उठवून बघा. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नसेल तर तिथेच थांबा आणि 'जमत नाही' लिहा. तीही माहितीच आहे, कोरी जागा सोडू नका. पाचव्यांदा पूर्ण उभं राहिल्यावर घड्याळ बंद, बसल्यावर नाही. नऊवारी नेसलेल्या आजींना ओचा आवरायला वेळ द्या, तो मोजू नका.

आणि पकड बसून घ्यायची की उभं राहून, यावर मोजपट्टी बोलले नाहीत. बसून, कोपर काटकोनात. उभं राहून घेतली की आकडा बदलतो, आणि पुढच्या फेरीला ज्यांना उभं राहता येणार नाही त्यांची तुलनाच होणार नाही.

---

जुनी_बखर

वयाबद्दल. आधारवरच्या तारखेवर विसंबू नका. साठीपुढच्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे, ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली. ज्यांनी शाळाच बघितली नाही त्यांच्या कार्डावर १ जानेवारी. वयाचे अंक ० आणि ५ वर किती संपतात ते मोजा: ३०० जणांत साधारण ६० असायला हवेत. १२०-१३० निघाले तर तुमचा वयाचा रकाना कुजलेला आहे.

उपाय जुनाच आहे, घटनांचं कॅलेंडर. तुमच्या भागात आठवणींचे खांब पक्के आहेत. गांधीहत्येनंतरचं १९४८ चं जळीत ऐंशीच्या पुढच्यांना आठवतं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप, हा तर साताऱ्यात सगळ्यात भक्कम खांब. मग १९७२ चा दुष्काळ. पण "भूकंपाच्या वेळी तुम्ही किती वर्षांचे?" असं विचारू नका, त्याचं उत्तरही अंदाजेच येतं. असं विचारा: "भूकंपात लग्न झालं होतं का? थोरला पोटात होता की अंगावर पीत होता?" "दुष्काळात खडी फोडायला तुम्ही जात होता की आई जायची? मिलोची भाकरी आठवते का?" दोन-तीन उत्तरांतून वय दोन वर्षांच्या आत येतं. सोबत थोरल्या मुलाचं वय आणि पाठच्या भावंडांशी अंतर ताडून बघा. शेवटी दोन रकाने ठेवा: कागदावरचं वय आणि घटनांवरून काढलेलं वय. पहिल्या फेरीत ठरलेलं वय कुलूपबंद. पुढच्या फेरीत परत विचारून बदलायचं नाही, नाहीतर दोन वर्षांत माणूस पाच वर्षांनी म्हातारा होतो.

माणसं टिकवण्याबद्दल. गळतीचं मोठं कारण नकार नसतं, *पाळी* असते. आई-वडील चार महिने एका मुलाकडे, चार महिने दुसऱ्याकडे. तुम्ही कुलूप बघून 'सापडले नाहीत' लिहिता, आणि आजी कामोठ्यात नातवाला सांभाळत असतात. पहिल्याच दिवशी त्या घरात न राहणाऱ्या तिघांचे फोन घ्या: मुंबई-पुण्यातला मुलगा, सासरी गेलेली लेक, आणि भावकीतलं एखादं खटपटी माणूस. लेकीचा नंबर सर्वांत टिकाऊ. आई कुठे आहे हे तिला कायम माहीत असतं. हे नंबर ताजे करायला गावची जत्रा उत्तम, मुंबईकर झाडून येतात. पण जत्रेत *मोजू* नका: जागरण, मटण आणि पाहुणे यांत रक्तदाब काय मिळणार.

आषाढी वारीचे दिवस टाळा, नाहीतर चालणारे गावाबाहेर असतात आणि तुम्ही फक्त न चालणाऱ्यांना मोजता. ऊसतोडीच्या हंगामाचंही भान ठेवा. चारही फेऱ्या एकाच महिन्यात घ्या; थंडीत रक्तदाब उन्हाळ्यापेक्षा जास्त असतो, एक फेरी जानेवारीत आणि दुसरी मेमध्ये केलीत तर गावाची तब्येत फुकट सुधारलेली दिसेल.

---

कृष्णाकाठ

मंडळी, भरपूर मिळालं. स्मरणशक्तीची चाचणी आणि रक्ताचं कोणी सांगेल का? आणि नमुना ज्येष्ठ नागरिक संघाच्या यादीतून घेतला तर चालेल का? यादी तयार आहे.

---

उताराचा_आलेख

संघाची यादी नको. संघात जो येतो तो चालत येतो. अंथरुणाला खिळलेला, ऐकू न येणारा, सुनेच्या आडून बघणारा त्या यादीत नाही, आणि तुमचा प्रश्न त्यांच्याबद्दलच आहे. अमेरिकेतला म्हातारपणावरचा बाल्टिमोरचा अभ्यास १९५८ मध्ये हौशी, शिकलेल्या पुरुषांवर सुरू झाला. स्त्रिया १९७८ पर्यंत त्यात नव्हत्या. वीस वर्षांचं काम अर्ध्या मानवजातीला लागू होतं की नाही हा प्रश्न तसाच राहिला. तिन्ही गावांत घरोघर फिरून साठीवरच्यांची यादी करा आणि त्यातून चिठ्ठ्या काढा. मतदारयादी पडताळणीला वापरा.

किती उरतील? गणित मांडू. समजा दर दोन वर्षांत ८ टक्के वारले आणि ७ टक्के सापडले नाहीत. ३०० चे २५५, मग २१७, मग चौथ्या फेरीला १८४. सरासरी उतार काढायला हे चालतं. पण 'मिसरी लावणाऱ्या सत्तरीपुढच्या विधवा' असले उपगट पाडू नका, हातात अकरा जणी उरतील.

ही ८ आणि ७ टक्के माणसं वेगवेगळ्या खान्यांत ठेवा. 'वारले' आणि 'सापडले नाहीत' एकत्र केलंत तर सगळं गेलं. शिवाय जे उरतात ते मुळातच दणकट असतात, त्यामुळे नुसती प्रत्येक फेरीची सरासरी काढली तर वाढत्या वयात पकड *सुधारते* असाही आलेख येऊ शकतो. आलेख काढायचा तर एकाच माणसाचे ठिपके जोडून. त्यासाठी मिक्स्ड मॉडेल: प्रत्येक माणसाला त्याची स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा उतार. दोनच फेऱ्या असल्या तर खरा बदल कुठला आणि मोजमापाची चूक कुठली हे वेगळं करता येत नाही, तीनपासून हिशोब लागायला लागतो. चार फेऱ्या ठरवल्यात ते छान.

मृत्यूच्या घरी तेराव्याआधी जाऊ नका. त्यानंतर, पण वर्ष उलटायच्या आत जा; शेवटच्या आजारपणाचा क्रम लोक तोवर नीट सांगतात.

अजून एक सापळा, पिढीचा. आजचा ८५ वर्षांचा माणूस ६५ वाल्यापेक्षा बुटका आहे. त्यातलं थोडं मणके दबल्यामुळे, पण थोडं तो ज्या काळात वाढला त्या काळातल्या खाण्यामुळे. एका वेळच्या पाहणीत हे दोन्ही एकमेकांत मिसळतात. सिएटलमध्ये १९५६ पासून चाललेल्या अभ्यासाने हेच दाखवलं: वेगवेगळ्या वयाच्या लोकांची तुलना केली की बुद्धी लवकर उतरताना दिसते, त्याच लोकांना पुन्हा पुन्हा तपासलं की उतार बराच उशिरा सुरू होतो. उंचीसाठी म्हणून पहिल्या फेरीत गुडघ्यापर्यंतची उंची बसवून मोजून ठेवा, हाड आखडत नाही. आणि बालपणाबद्दल चार प्रश्न जरूर घाला: किती भावंडं, आई कधी गेली, शाळा कितवीपर्यंत, दुष्काळात काय खाल्लं. म्हातारपणाची मुळं किती मागे जातात हे स्कॉटलंडमधल्या लोथियन गटांत दिसतं. ४ जून १९४७ ला देशभरच्या अकरा वर्षांच्या ७०,८०५ मुलांची बुद्धीची परीक्षा झाली होती. त्यातल्या १,०९१ जणांना सत्तरीच्या आसपास शोधून पुन्हा तपासलं. म्हातारपणीच्या गुणांतल्या फरकाचा साधारण अर्धा भाग अकराव्या वर्षीच्या गुणांवरून सांगता आला. जवळचंच उदाहरण हवं तर पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून सहा गावांत गर्भारपणापासून चालवलेला अभ्यास बघा. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५, पण हाडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या बाळांत चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

---

दहा_शब्द

स्मरणशक्तीवर मी.

दहा शब्द वाचून दाखवायचे, दोन सेकंदांना एक, लगेच विचारायचे, मग इतर प्रश्न झाल्यावर पुन्हा. बिघडतं ते असं: पडवीत नातवंडं बसलेली असतात आणि आजी अडखळली की एखादं कुजबुजतं, "नदी, आज्जी, नदी!" उपाय म्हणजे पथकातल्या एकाने घरच्यांना आत बसवून कुटुंबाची प्रश्नावली भरायला घ्यायची. सूनबाई दमल्या असल्या तरी उत्तरं द्यायला उत्सुक असतात, त्यांना तो मान द्या.

शब्दांच्या चार याद्या करा आणि दर फेरीला वेगळी वापरा. तरीही दुसऱ्या फेरीत गुण थोडे वाढतील. चाचणीची भीती गेलेली असते. म्हणून दुसऱ्या फेरीत ४०-५० नवी माणसं घ्या. जुने आणि नवे यांच्यातला फरक म्हणजे सवयीचा परिणाम (त्याच वयाचे निवडा मात्र). यादीत जोडशब्द नकोत: 'मीठ' आणि 'भाकरी' एकत्र असले की एक आठवला की दुसरा फुकट येतो.

'आज तारीख काय?' या प्रश्नावर "संकष्टी आहे" असं उत्तर आलं तर ते चूक देऊ नका. पंचांग सोबत ठेवा, तिथी आणि मराठी महिना जुळला तर गुण द्या. १०० मधून ७ वजा करत जाणं न शिकलेल्यांना अन्यायाचं आहे. त्याऐवजी "पन्नासची नोट दिली, बत्तीसचं सामान, किती परत?" हे बाजार केलेल्या प्रत्येकाला जमायला हवं. आधी ऐकू येतं का ते तपासा. निम्मे 'विसरलेले' शब्द मुळात ऐकूच आलेले नसतात.

रोजच्या कामांच्या प्रश्नांत 'स्वयंपाक करता येतो का?' ला पुरुष सरसकट 'नाही' म्हणतात. तिथे 'जमत नाही' आणि 'कधी केलाच नाही' असे दोन वेगळे पर्याय छापा, नाहीतर तीन गावांतले सगळे आजोबा परावलंबी ठरतील.

---

मोजपट्टी

रक्तदाब आणि रक्त राहिलं. क्रम असा ठेवा: रक्तदाब, मग स्मरणशक्ती, मग प्रश्नावली, शेवटी पकड-चाल-खुर्ची. पकड आधी घेतलीत तर दाब वर जातो. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर. एकेका मिनिटाने तीन वाचनं, सरासरी शेवटच्या दोनांची. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नको, आणि बायकांना *मिसरी* हा शब्द उच्चारून विचारा. 'तंबाखू खाता का' ला त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतात. दंडाचा पट्टा दोन मापांचा न्या. मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्या; वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ही व्यक्ती पडणाऱ्यांतली आहे, जपून. १८०/११० च्या वर गेलं तर थोड्या वेळाने परत मोजा, तरी तसंच असलं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. ही सोय आधी लावल्याशिवाय आचारसमिती परवानगी देणार नाही, द्यायलाही नको.

रक्त: उपयोग आणि थंड साखळी दोन्ही नक्की नसतील तर घेऊ नका. लासीने बोटाच्या टोकाचं रक्त गाळणकागदाच्या कार्डावर घेतलं, पण ती कार्डं सावलीत पूर्ण वाळवून, ओल शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीत ठेवावी लागतात, आणि कोरड्या थेंबाचा आकडा शिरेतल्या रक्ताच्या आकड्याशी जुळवून देणारी प्रयोगशाळा लागते. घ्यायचंच असेल तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) घ्या, त्याला उपाशीपोटी असावं लागत नाही. उपाशीपोटीची साखर घेणार असाल तर निरोपात 'उपाशी या' लिहू नका. लोक उपवास समजतात आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन येतात. 'रात्री जेवल्यानंतर सकाळपर्यंत काही खायचं नाही, चहाही नाही, नुसतं पाणी चालेल' असं लिहा, आणि आल्यावर "सकाळी चहाबरोबर काय घेतलंत?" असं विचारा. "चहा घेतला का?" ला उत्तर 'नाही' येतं.

---

कृष्णाकाठ

ठरलं. रक्त पहिल्या फेरीत नाही. घरोघर यादी, चारही फेऱ्या फेब्रुवारीत, खुर्ची टेम्पोत. घटनांच्या कॅलेंडरचा मसुदा आठवड्याभरात इथे टाकतो. कराड-पाटणकडच्या कोणी भर घालावी.

---

जुनी_बखर

टाका. पाटण बाजूसाठी धरणग्रस्तांचं पुनर्वसन धरा. 'गाव उठलं' ते साल तिथे भूकंपाच्याही आधी सांगतात, पण ते गावागणिक वेगळं आहे, प्रत्येक वाडीत विचारूनच लिहा.